सेल्युमेटिनिब: सोळा महिन्यांनंतरचा आमचा अनुभव

माझ्याकडे लेकाच्या शर्टाचे चार कागद आहेत, चारींवर तारखा घातलेल्या. कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी बावीस वर्षं शिवणकाम करते. शर्टाचा कागद एरवी एकाच बाजूचा कापतात आणि कापडाची घडी घालून दोन्ही बाजू एकदम बेततात. माझ्या लेकाचा डावा मुंढा उजव्यापेक्षा दोन इंच मोठा निघायचा, म्हणून त्याची डावी बाजू वेगळी बेतावी लागायची. मानेपासून खांद्यावरून काखेपर्यंत त्याला नसांची, म्हणजे मज्जातंतूंची, गाठ आहे. ती जन्मापासूनच असावी, पण डोळ्यांत भरली तो तीन वर्षांचा झाल्यावर. या गाठीसाठी तो सोळा महिने सेल्युमेटिनिब नावाच्या कॅप्सूल घेतोय. बाटलीवर कोसेलुगो असं नाव असतं. सुरू करताना या औषधाबद्दल मराठीत वाचायला मला काही मिळालं नाही, म्हणून आता लिहितेय. मी डॉक्टर नाही. आमच्या घरात हा आजार चौघांना झाला आणि त्यातला एक माणूस आज नाही, तेवढ्या अनुभवावर लिहितेय.

आजाराचं नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १. साधारण ३००० जन्मांमागे एका बाळाला असतो. अंगावर दुधाच्या चहासारखे डाग, सहा किंवा त्याहून जास्त, ही पहिली खूण. मला ते पोटावर आणि पाठीवर आहेत, आणि पस्तिशीनंतर हातांवर मऊ बारीक गाठी उठल्या. काही गिऱ्हाइकं त्या बघून कापड माझ्या हातात देत नाहीत, टेबलावर ठेवतात. हा लागणारा रोग नाही. सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातली चूक आहे, ते जनुक १९९० साली सापडलं. आई किंवा वडील, एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. आणि निम्म्या रुग्णांच्या घरात तर आधी कुणालाच नसतो. मला आणि माझ्या दादाला आमच्या आबांकडून आला. माझ्या थोरल्या मुलीला नाही, धाकट्याला आहे.

दादाचं आधी सांगते, कारण या औषधाकडून काय मागायचं आणि काय नाही, ते मला दादामुळे कळलं.

दादाच्या उजव्या मांडीच्या मागे लहानपणापासून मऊ गाठ होती. रंकाळ्यात पोहताना मित्र चिडवायचे, तेवढाच तिचा त्रास. तेहतिसाव्या वर्षी ती दुखायला लागली, रात्री जास्त. सायटिका म्हणून गोळ्या झाल्या, मग तेलाने चोळणं झालं, मग कमरेचा पट्टा. सहा महिन्यांत लिंबाएवढी गाठ नारळाएवढी झाली आणि हाताला दगडासारखी लागायला लागली. वहिनी मला म्हणाल्या, "वन्सं, पायाला चादर लागली तरी ओरडत्यात हे." मग एका खाजगी दवाखान्यात ती गाठ काढली. आधी बायोप्सी नाही, एमआरआय नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांनी कागद आला: मॅलिग्नंट पेरिफेरल नर्व्ह शीथ ट्यूमर, हाय ग्रेड, कडेपर्यंत रोग. म्हणजे नसेच्या आवरणाचा कॅन्सर.

शिवणीच्या बाहेर जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. माया नसेल तर शिवण उसवल्यावर पुन्हा टीप घालायला जागाच उरत नाही. पुढे मुंबईत टाटाला डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या कॅन्सरचं ऑपरेशन तसंच असतं. गाठ न फोडता, भोवतीच्या निरोगी मांसाची माया घेऊन, अखंड काढायची. बरं होण्याचा खरा रस्ता तोच. दादाच्या ऑपरेशनात माया घेतलीच नव्हती. तिथे पोचेपर्यंत फुफ्फुसात ठिपके आले होते. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन आणि आयफोसफामाइड अशी केमो दिली. दोन फेऱ्या बरं वाटलं. अकरा महिन्यांनी दादा गेला.

त्या वॉर्डात एक गृहस्थ होते, त्यांचा रक्ताचा कॅन्सर इमॅटिनिबच्या गोळीवर शांत होता आणि ते नोकरीवर जात होते. त्यांना बघून वहिनी दर वेळी विचारायच्या, "ह्यांच्यासाठी अशी टार्गेटेड गोळी नाही का?" टार्गेटेड म्हणजे पेशीतल्या नेमक्या बिघाडावर काम करणारी. डॉक्टरांनी खोटी आशा लावली नाही, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. नंतर पुतणीला बरोबर घेऊन मी हे सगळं वाचून काढलं. ती बी.फार्म. करते. एर्लोटिनिबची गोळी या कॅन्सरवर देऊन बघितली होती, एकाचीही गाठ आटली नाही. एव्हरोलिमस आणि बेव्हॅसिझुमॅब ही जोडी २५ जणांना दिली, त्यातल्या ३ जणांचा रोग चार महिने किंवा जास्त जागेवर थांबला. बाकीच्यांचा नाही. सोराफेनिब, इमॅटिनिब, सगळ्यांवर प्रयत्न झालेत. नसेच्या आवरणाच्या या कॅन्सरसाठी म्हणून मंजूर झालेली एकही टार्गेटेड गोळी आजपर्यंत नाही. सेल्युमेटिनिबसुद्धा त्यासाठी मंजूर नाही. हे एवढं ठळक सांगते, कारण गेल्या वर्षभरात मला दोन घरांतून विचारणा झाली, दोन्ही घरांत कॅन्सर झालेला होता, आणि दोघांनाही कुणीतरी "ती कोल्हापूरची बाई गोळी देते पोराला, गाठ विरघळते" असं सांगितलं होतं.

मग हे औषध करतं काय? पुतणीने मला शिलाई मशीनवरच समजावलं. पायाने पेडल मारलं की मोठं चाक फिरतं, त्यावरून पट्टा फिरतो, पट्ट्याने वरचं चाक आणि मग सुई. पेशीला वाढायचा हुकूम असाच एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पेडलच्या जागी रास नावाचं प्रथिन, मधे पट्ट्याच्या जागी मेक. आमच्या आजारात जे जनुक बिघडतं त्याचं काम रासला आवर घालणं. तो आवर गेला की पेडल आपोआप सुरू राहतं. सेल्युमेटिनिब मधला पट्टा, म्हणजे मेक, अडवतं. लेकाच्या गाठीत एवढाच बिघाड आहे, म्हणून पट्टा अडवला की सुई मंदावते. दादाच्या गाठीत आणखी बिघाड होते. कॅन्सर होताना पेशी वाढ रोखणारी दुसरी जनुकंही गमावते, त्यातलं एक सीडीकेएन२ए, आणि पुढे पीआरसी२ नावाच्या यंत्रणेचे भागही. तिथे नुसता पट्टा अडवून मशीन थांबत नाही.

लेकाच्या गाठीला प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा म्हणतात. ती एक गोळा नसते, नसेच्या फांद्याफांद्यांतून पसरलेली असते. डॉक्टर म्हणाले, पिशवीत गांडुळं भरल्यासारखी हाताला लागते, आणि तशीच लागते. हाताच्या नसा तिच्यातूनच गेल्यात, म्हणून पूर्ण कापून काढता येत नाही. अशा, ऑपरेशन न होणाऱ्या आणि त्रास देणाऱ्या गाठींसाठी अमेरिकेत १० एप्रिल २०२० ला दोन वर्षांवरच्या मुलांकरिता सेल्युमेटिनिबला मान्यता मिळाली. त्यामागचा अभ्यास अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. ब्रिगिट विडेमन यांच्या गटाने केला: ५० मुलं, त्यांतल्या ३५ जणांची गाठ निदान वीस टक्के आटली. पूर्ण नाहीशी कुणाचीच झाली नाही. हे वाचून मी सुरुवात केली, त्यामुळे माझी निराशा झाली नाही.

आता रोजचं. हे औषध अंगाच्या मापाने देतात, मला ते पटलं. उंची आणि वजन यांवरून अंगाचं क्षेत्रफळ काढतात आणि एका चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असा डोस बसवतात. सुरुवातीला लेक १३२ सेंटिमीटर आणि ३० किलो होता, त्याला २५ ची एक निळी कॅप्सूल सकाळी, एक संध्याकाळी. वर्षाने १३६ सेंटिमीटर आणि ३३ किलो झाला, तेव्हा डोस ३० वर गेला, म्हणजे १० च्या तीन पांढऱ्या कॅप्सूल. पोर वाढतं तसं माप बदलतं, म्हणून दर भेटीला उंची-वजन घेतलंय ना ते बघा. एकदा घाईत वजन राहिलं होतं, मीच परत मागे गेले.

कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही, अख्खी गिळायची. दहा वर्षांच्या पोराला हे जमेना. पहिले आठ दिवस औषध घरात आणि पोरगं रडतंय, अशी गत. मग मी रंगीत बडीशेपेपासून सुरुवात केली. एक गोळी जिभेवर, घोटभर पाणी, मान सरळ. तीन दिवस तेच. मग फुटाण्याची डाळ, मग शेंगदाण्याचं अर्धुक. आठव्या दिवशी कॅप्सूल गेली. ज्यांची मुलं अगदीच लहान आहेत त्यांनी डॉक्टरांना मिर्डामेटिनिबबद्दल विचारावं. तेही मेकवरचंच औषध आहे, अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झालं, मोठ्या माणसांसाठीही, आणि त्याची पाण्यात विरघळणारी गोळी येते. ते तीन आठवडे घ्यायचं आणि एक आठवडा थांबायचं असतं. आम्ही ते वापरलेलं नाही.

आम्हाला औषध रिकाम्या पोटी द्यायला सांगितलं होतं, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही नाही. मी सकाळी सहा, संध्याकाळी सहा अशी वेळ धरली, आणि तिथे चुकले. पोरगं पाच वाजता शाळेतून भुकेजून येतं आणि सातपर्यंत त्याला बघत बसायचं. सासूबाईंना ते सहन व्हायचं नाही. "पोटात कावळं वरडाय लागल्यात त्येच्या आणि तू घड्याळ बघतीस!" मग डॉक्टर मॅडमना विचारून साडेसात-साडेसात केलं. शाळेतून आला की सव्वापाचला पोटभर खातो, साडेसातला कॅप्सूल, साडेआठला जेवण. सकाळी साडेआठला नाश्ता, साडेदहाची शाळा. घर शांत झालं. तुमच्या डॉक्टरांना खाण्याची अट तुमच्यासाठी आहे का ते नीट विचारा, आणि वेळ ठरवताना शाळेचं वेळापत्रक समोर ठेवा.

दोन गोष्टी कुणी आपणहून सांगत नाहीत. एक, ग्रेपफ्रूट चालत नाही. आपल्याकडे ते कोण खातं, असं मला वाटलं, पण गणपतीत पपनस घरात येतं आणि ते त्याच जातीतलं. मॅडमनी तेही बंद ठेवायला सांगितलं. दुसरी, या कॅप्सूलमध्येच व्हिटॅमिन ई असतं, १० च्या एका कॅप्सूलमध्ये ३२ मिलिग्रॅम, २५ च्या मध्ये ३६. कातडी कोरडी पडली म्हणून शेजारणीने आणून दिलेल्या हिरव्या व्हिटॅमिन ई च्या गोळ्या मी पोटातून देणार होते. पुतणीने हात धरला. जास्त झालं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गुण कधी आला? गाठ दिसायला लहान व्हायच्या कितीतरी आधी. लेकाला रात्री खांद्यात कळा यायच्या, दोन-तीनदा उठायचा, मी शेकायची पिशवी गरम करून द्यायची. सुरू केल्यापासून सातव्या आठवड्यात एके सकाळी मी उठले आणि पिशवी खुंटीवर तशीच थंड लटकलेली. मला वाटलं मलाच जाग आली नाही. त्याला उठवून विचारलं. "न्हाई गं आई, मला पण जाग आली न्हाई," म्हणाला आणि कूस बदलून डाव्या अंगावर झोपला. डाव्या अंगावर झोपलेलं मी त्याला चार वर्षांत बघितलं नव्हतं. मी तिथेच बसून राहिले. त्या दिवशीची दोन ब्लाऊज उशिरा गेली.

मोजमापाचं सांगते. मी दर महिन्याला टेप लावायची आणि कधी आनंद, कधी धसका. टेपवर विसंबू नका. पोर वाढतं, त्याच्याबरोबर खांदाही भरतो, आणि टेप फक्त वरचा घेर सांगते. खरं माप एमआरआयवर, तेही लांबी-रुंदी नाही तर गाठीचं आकारमान मोजून. हे सगळीकडे करून मिळत नाही, मुंबईत मिळालं. सुरुवातीला ४१२ मिलिलिटर. सहा महिन्यांनी ३७१, म्हणजे फक्त दहा टक्के कमी. त्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेसने परत येताना आमचे हे कराडपर्यंत बोलले नाहीत. पण मॅडमनी सांगितलं होतं की गाठ हळूहळू आटते, वर्षभर धीर धरा. बाराव्या महिन्यात २९७. अठ्ठावीस टक्के. शर्टाच्या कागदावर दोन इंचांचा फरक सव्वा इंचावर आला.

त्रासही सांगितला पाहिजे. पहिल्या पंधरवड्यात जुलाब, दिवसात चार-पाच. ताकभात, ओआरएस आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी, यावर आटोपलं. चेहऱ्यावर आणि डोक्यात पुरळ आलं. केसांचा रंग उतरून भुरा झाला, ते सासूबाईंनी आधी ओळखलं, मी उन्हामुळे म्हणत होते. कातडी एवढी कोरडी की शर्टाची कॉलर घासून लाल व्हायची, म्हणून मी सगळे शर्ट जुन्या मऊ मलमलीचे शिवले आणि कॉलरच काढून टाकली. सगळ्यांत त्रासाचं निघालं नखुरडं. तिसऱ्या महिन्यात पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं कडेने सुजली, पू झाला, शाळेचा बूट घालताना पोरगं भिंतीला धरून उभं राहायचं. मलम आणि मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवणं सुरू केलं, पण बूट होता तोवर बरं होईना. मग चप्पल लाइनीतल्या एका ओळखीच्या मामांकडे गेले. कोल्हापुरीला अंगठा असतो, तो त्याच्या सुजलेल्या बोटावरच येणार. मामांनी पोराचा पाय मांडीवर घेतला, बराच वेळ बघितलं आणि अंगठा न लावता दोन रुंद पट्ट्यांची, आतून मऊ कातड्याची चप्पल करून दिली. पैसे घेतले नाहीत. शाळेत मुख्याध्यापक बाईंना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, त्यांनी बुटाची सक्ती काढली. सहा आठवड्यांत नखं सुधारली. ज्यांचं औषध सुरू व्हायचंय त्यांनी पहिल्या दिवसापासून नखं सरळ कापावीत, कडा खोल कोरू नयेत, आणि बूट एक नंबर मोठा घ्यावा.

तपासण्या टाळू नका. औषध हृदयाची ताकद कमी करू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी इको, मग पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी. डोळ्यांचा पडदाही तपासतात. धूसर दिसलं तर वाट न बघता जायचं. स्नायूंसाठी रक्ताची सीपीके तपासणी असते. एकदा ती एकदम वर गेली आणि घरात घबराट. लघवीचा रंग, अंगदुखी, सगळं विचारून झालं. शेवटी कळलं की आदल्या दिवशी गल्लीतल्या तालमीत मोठ्या पोरांबरोबर हा जोर मारून आला होता. चार दिवस विश्रांतीनंतर पुन्हा तपासली, खाली आली. आता तपासणीआधी तीन दिवस तालीम बंद. इको आणि रक्त कोल्हापुरातच होतं, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी इथल्या बालरोगतज्ज्ञांना पत्र दिलं आणि दोघं फोनवर बोलतात, ही सोय मोठी आहे. सुरुवातीलाच ती मागून घ्या.

पैशाचं मी आकड्यात लिहीत नाही, कारण प्रत्येकाला वेगळं पडतं. पण महिन्याचा खर्च लाखांत जातो आणि शिवणकाम व कारखान्याचा पगार यांत तो बसत नाही. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातल्या ताईंनी चार ट्रस्टांचे अर्ज भरून घेतले. आमच्या तालमीने एका वर्षीचा गणपतीचा मांडव लहान करून पैसे दिले. उरलेल्यासाठी गावाकडचा प्लॉट गेला. तरीही आठव्या महिन्यात बाटली संपली आणि पुढची यायला पाच आठवडे लागले. एका ट्रस्टचा धनादेश उशिरा, त्यात ज्या दुकानातून मागवायचो त्यांनी मागणीच पुढे टाकली नव्हती आणि रोज "उद्या येईल" सांगत राहिले, आणि शेवटी पंचगंगेच्या पुरात पार्सल अडकलं. चौथ्या आठवड्यात कळा परत सुरू झाल्या आणि शेकायची पिशवी पुन्हा बाहेर आली. औषध थांबलं की गाठ पुन्हा वाढू शकते हे मी वाचलं होतं, पण पोराच्या खांद्यावर ते बघणं वेगळं. तेव्हापासून एक बाटली शिल्लक असतानाच दुसरीचा अर्ज जातो, आणि मागणी नोंदवल्याचा कागद मी दुकानातून हातात घेते. हे औषध किती वर्षं द्यायचं याचं उत्तर आम्हाला अजून कुणी ठामपणे दिलेलं नाही, आणि माझी यातली सगळ्यांत मोठी काळजी तीच आहे.

चौदाव्या महिन्यात जे झालं ते मुद्दाम लिहिते. लेक जेवताना मधेच डाव्या काखेत बोट लावून थांबला. "इथं टोचतंय." गाठ एकूण आटत होती, रात्रीची झोप होती, मग हे काय? मी हात लावला. मऊ गाठीच्या आत एक जागा घट्ट होती, सुपारीएवढी. दादाच्या मांडीला हात लावला होता तेव्हाची आठवण माझ्या बोटांत आहे. मी ताट तसंच सोडून उठले. ह्यांना वाटलं मी उगीच घाबरतेय, औषध चालू आहे ना. मी म्हटलं, औषध मऊ गाठीवर चालू आहे. आमच्या आजारात दहा जणांमागे साधारण एकाला आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो, आणि तो बहुतेक वेळा अशा जुन्या गाठीतच उगवतो. सेल्युमेटिनिब ते टाळतं असं कुणीही सिद्ध केलेलं नाही.

चौथ्या दिवशी मुंबईत होतो. एमआरआय, मग पेट स्कॅन. पेटमध्ये साखरेचं किरणोत्सारी औषध टोचतात आणि गाठीचा जो भाग जास्त साखर ओढतो तो उजळ दिसतो. बायोप्सीची सुई त्याच उजळ जागेत जाते. दादाच्या वेळी जे राहिलं ते सगळं, बरोबर क्रमाने. अहवालाला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी लग्नाची अकरा ब्लाऊज शिवली, आणि त्यातल्या तीन मला परत उसवाव्या लागल्या. अहवाल आला: प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा, कॅन्सर नाही. वहिनींना फोन केला, तर पलीकडून नुसता हुंदका.

तेव्हा माझं मत असं. ज्या मुलाला न कापता येणारी प्लेक्सिफॉर्म गाठ आहे आणि ती दुखते, श्वास किंवा हात-पाय अडवते, त्याच्यासाठी हे औषध डॉक्टरांशी बोलून नक्की विचारात घ्यावं. आमच्या पोराला त्याने झोप दिली, डावा हात डोक्यावर नेता यायला लागला, शाळा बुडणं थांबलं. पाचांपैकी मी चार देईन. एक कापला तो किमतीसाठी आणि पुरवठ्याच्या भरवशासाठी. माझ्या हातांवरच्या बारीक गाठींसाठी ते नाही, मी विचारलं होतं. आणि गाठ रात्री दुखायला लागली, भराभर वाढली, घट्ट झाली, बोटं बधिर झाली किंवा ताकद गेली, यातलं एकही असेल तर कॅप्सूल चालू असली तरी वाट बघत बसू नका. या आजाराची नेहमीची कामं असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा, आणि बायोप्सीशिवाय कुणालाही गाठीला सुरी लावू देऊ नका.

पुढचा एमआरआय आषाढात आहे. ज्यांना नखुरड्याच्या चपलेचं माप, ट्रस्टांच्या अर्जासोबत जोडायच्या कागदांची यादी किंवा बडीशेपेचा क्रम हवा असेल त्यांनी मला विचारावं. दुपारी दोन ते चार माझं मशीन बंद असतं.